फोनो प्रीअँपचे ते छोटे स्विच नेमके कुठे ठेवायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (पिन बसलेला, खाचेतून सिग्नल उचलणारा भाग) बसवली. बाईचा आवाज आला की ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. प्रीअँप बदलू का?

थांबा, आधी प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल अँपच्या आधी वाढवणारा डबा, उलटा करून खाली बघा. बऱ्याच प्रीअँपना खाली किंवा मागे कपॅसिटन्सचे (विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचे) बारके स्विच असतात, १००, २००, ३०० असे पिकोफॅरडचे आकडे लिहिलेले, आणि ते कोणी बघतच नाही. तुमच्या कार्ट्रिजला कंपनीने १०० ते २०० पिकोफॅरड सांगितलेत, पण हे सगळं मिळून बरं का, म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या) आतली वायर, बाहेरची केबल आणि प्रीअँपचं सेटिंग यांची बेरीज. साधी केबल मीटरमागे शंभरच्या आसपास सहज भर घालते, वर प्रीअँप २०० वर असेल तर तुम्ही तीनशेच्या पुढे गेलात.

आता त्याने होतं काय, तर एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे आत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजच्या आत तारेची गुंडाळी असते, तिचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवायचा गुण) आणि हे कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स, म्हणजे तिथलाच आवाज उचलून धरणारा उंचवटा, तयार होतो. व्हीएम९५ईचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे. एकूण २०० पिकोफॅरड असेल तर हा रेझोनन्स १५ किलोहर्ट्झला पडतो, ४०० झालं की खाली पावणेअकराच्या आसपास येतो. तिथे उंचवटा आला की ‘स’, झांजा, तंबोऱ्याची जवारी सगळंच टोचायला लागतं आणि आपण दोष देतो रेकॉर्डला. म्हणून प्रीअँप सगळ्यात कमी कपॅसिटन्सवर ठेवा, केबल आखूड घ्या. ४७ किलोओहमच्या लोडला (प्रीअँपच्या इनपुटचा, कार्ट्रिजला दिसणारा रेझिस्टन्स) हात लावू नका, एमएमसाठी तेच बरोबर. पिनचा अँगल आणि वजन (२ ग्रॅम) पण तपासा, कारण ‘स’ फाटत असेल तर ते काम तिथलं असतं, कपॅसिटन्सने आवाज टोचतो पण फाटत नाही.

आणि हाच आकडा दुसऱ्या कार्ट्रिजला लावू नका. ऑर्टोफॉन टूएम रेडला १५० ते ३०० चालतं, त्यामुळे मित्राकडे छान वाजणारं सेटिंग तुमच्याकडे छान वाजेलच असं नाही.

प्रश्न : डेनॉन डीएल-१०३ घेतली, पण आवाज अगदी बारीक. व्हॉल्यूम वाढवला की नुसती सरसर. कार्ट्रिज खराब निघाली का?

खराब नसणार. ही लो आउटपुट एमसी (मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी गुंडाळी हलणारी) आहे, आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट, एमएमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. एमएमच्या इनपुटला साधारण ४० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) असतो म्हणजे शंभर पट, त्यातून तुमच्या हाती पडतात जेमतेम ३० मिलिव्होल्ट. हिला साठ डेसिबल तरी लागतात. प्रीअँपला एमसीचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या. १:१० चा ट्रान्सफॉर्मर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट करतो आणि पुढचा एमएम इनपुट खुशाल चालतो.

लोडचं विचाराल तर डेनॉन म्हणते १०० ओहम किंवा जास्त. कार्ट्रिजचा स्वतःचा रेझिस्टन्स ४० ओहम, त्यामुळे १०० वर ठेवलं तर जवळजवळ ३ डेसिबल आवाज तिथेच जातो. मी तरी आधी ४०० च्या आसपास ऐकून बघेन. १:१० चा ट्रान्सफॉर्मर लावला तर वेगळं काही करावंच लागत नाही, ४७ किलोओहम भागिले शंभर, कार्ट्रिजला ४७० ओहमच दिसतात. पिकोफॅरडची काळजी इथे सोडून द्या, एमसीचं इंडक्टन्स इतकं कमी असतं की ऐकू येणाऱ्या टप्प्यात फरक पडत नाही.

प्रश्न : टर्नटेबल अँपच्या फोनो इनपुटला लावला तर आवाज फाटतो आणि घुमतो.

टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइन असा स्विच आहे का बघा. आतला प्रीअँप चालू असताना बाहेरचाही चालू राहिला तर सगळं दोनदा वाढतं. दोघांपैकी एकच ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या आहेत. टर्नटेबलला ७८ चा स्पीड आहे, पण आवाज दबका आणि खरखर फार.

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं, कारण या तबकड्या वाजायलाच हव्यात, माळ्यावर पडून राहायला नकोत. पण एलपीची पिन त्यांना लावू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते, बारीक पिन तळाशी जाऊन तिथली घाण वाजवते. व्हीएम९५ च्या बॉडीला एसपी नावाची ७८ ची पिन सरळ बसते.

दबकेपणाचं कारण प्रीअँपमध्ये आहे. प्रीअँप आरआयएए कर्व्हने (रेकॉर्ड करताना मुद्दाम कमी-जास्त केलेला बास आणि ट्रेबल परत सरळ करायचं ठरलेलं माप) वाजवतो, तो १९५४ पासूनचा, एलपीसाठीचा. १० किलोहर्ट्झला तो जवळजवळ १४ डेसिबल कमी करतो, कारण एलपीची खाच कोरताना तेवढं वाढवलेलं असतं. जुन्या ७८ ना बहुतेक वेळा ते वाढवलेलंच नसतं, आणि १९२५ च्या आधीच्या तर भोंग्यात गाऊन केलेल्या, तिथे इलेक्ट्रिक काही नव्हतंच. म्हणून ट्रेबल वाढवा, बास उतरवा, किंवा कॉम्प्युटरवर घेऊन कर्व्ह तिथे बदला. अँपला मोनोचं बटण असेल तर दाबाच, खाचेतली वरखाली होणारी खरखर त्यात बरीच कटते.

एसपीला वजन ५ ग्रॅम लागतं, वजनाच्या छोट्या काट्यावर मोजून लावा, आणि परत एलपी लावायच्या आधी पिन बदलून वजन २ ग्रॅमवर आणा, नाहीतर एलपीची खाच कायमची जाते.