पाहुण्याला ज्याचं नाव सांगाल, त्याचीच लिंक द्या

प्रश्न : ताई, गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्याची बाग आहे. पाहुण्यांना कुळागर दाखवतो, केळीच्या पानावर जेवू घालतो, राहायला दोन खोल्या आहेत. पुतण्याने वेबसाइट करून दिली आहे. आता एका एजन्सीचा ईमेल आलाय : आमच्या तीस साइट्सच्या लिंका तुमच्याकडे लावा, त्या तीसही तुमची लावतील, गूगलवर वर याल. पुतण्या म्हणतो, लिंकांची देवाणघेवाण केली की गूगल शिक्षा करतं. पण कुळ्याचे एक जीपवाले, बोंडला अभयारण्याकडे पक्षी दाखवणारे एक गाइड आणि शेजारची मसाले विकणारी वहिनी, या तिघांशी मला लिंकांची अदलाबदल करायची आहे. शिवाय म्हापशाचे थोरले दीर त्यांच्या फरशीच्या दुकानाची लिंक आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मागतात. काय करू?
— एक वाचक, सावईवेरे

उत्तर : तुमच्या पुतण्याची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या माणसांवर काढू नका. गूगलच्या नियमांत बंदी आहे ती अतिरेकी देवाणघेवाणीला, म्हणजे ‘तू माझी लाव, मी तुझी लावतो’ अशा सौद्याला, आणि केवळ एकमेकांच्या लिंका लावण्यासाठी बनवलेल्या पानांना. एकाच पाहुण्याची सोय बघणाऱ्या दोन धंद्यांनी एकमेकांचं नाव सांगणं यात येत नाही.

हा नियम का आला, ते समजलं तर बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल. 1998 मध्ये स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाचं महत्त्व ठरवण्याची पद्धत मांडली. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत दिलं, आणि ज्या पानाला स्वतःलाच भरपूर वजनदार मतं आहेत त्याच्या मताची किंमत जास्त. कल्पना चांगली होती, पण मतं मोजली जातात म्हटल्यावर ती विकत घेणं आणि अदलाबदल करणं सुरू झालं.

त्यात मीही होते. 2010 मध्ये पेडणे तालुक्यातल्या एका होमस्टेची साइट मी केली होती. तिच्यावर ‘आमचे मित्र’ नावाचं पान होतं आणि त्यावर सेहेचाळीस लिंका : डेहराडूनचं हॉटेल, केरळातली हाउसबोट, दिल्लीची कर्ज देणारी कुठलीशी कंपनी. यातल्या एकालाही मालकाने पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षं साइट वर राहिली. मग 24 एप्रिल 2012 रोजी गूगलने असल्या लिंका पकडणारा पेंग्विन नावाचा बदल आणला आणि ती पहिल्या पानावरून दिसेनाशी झाली. मे महिन्यात मालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता, आणि तो मला अजून ऐकू येतो. लिंका मी पंधरा दिवसांत काढल्या, पण पेंग्विनची फेरतपासणी तेव्हा अधूनमधूनच व्हायची, त्यामुळे साइट परत वर यायला वर्षाहून जास्त गेलं. सप्टेंबर 2016 पासून ही तपासणी सतत चालते आणि बहुतेक वेळा गूगल अशा लिंका मोजतच नाही. म्हणजे तीस लिंकांची मेहनत शून्यावर जाते. तरीही गूगलच्या माणसाने साइट तपासून कारवाई करण्याची सोय आहेच, आणि ती झाली तर दुरुस्ती करून पुन्हा विचार करा म्हणून अर्ज करावा लागतो.

म्हणून एजन्सीला नाही म्हणा. ‘समोरासमोर नको, त्रिकोणात करू, तुम्ही अमक्याला द्या, तमका तुम्हाला देईल’ असंही ते सुचवतील. तोही सौदाच.

तुमचे तिघे मात्र मला मनापासून पटले. जेवून हात धुताना पाहुणा विचारतो ना, ‘उद्या कुठं जाऊ?’ तेव्हा जे नाव तुमच्या तोंडी येतं, त्याची लिंक द्या, उलट लिंक मिळो न मिळो. आणि ती यादीत टाकू नका, मजकुरात द्या. दुधसागरच्या जीप कुळ्याहून सुटतात, पावसाळ्यात बंद असतात, हे पाहुण्याला आधी कळायला हवं. ते लिहिताना जीपवाल्यांचं नाव येऊ द्या. बोंडल्याला कोणत्या महिन्यात कोणते पक्षी दिसतात हे गाइडकडून विचारून घ्या आणि तिथंच त्यांची लिंक द्या. वहिनींची लिंक मिरी आणि जायफळाबद्दल लिहिलेल्या पानावर शोभेल. तुमच्याबद्दल त्यांनी काय लिहावं हे मात्र ठरवून देऊ नका. तिघांनीही ‘गोव्यातलं सर्वोत्तम मसाल्याचं कुळागर’ याच शब्दांवर लिंक दिली, तर ते ठरवून केलेलं दिसतं. कुणी तुमच्या कुळागराचं नाव लिहील, कुणी ‘तिथलं जेवण’ म्हणेल, तसंच असू द्या.

जीपवाले पाहुण्यामागे तुम्हाला कमिशन देत असतील, तर पुतण्याला त्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण घालायला सांगा, म्हणजे ही लिंक पैशांच्या व्यवहारातली आहे हे गूगलला कळतं. ती 2019 मध्ये आली. त्याआधीपासून, 2005 पासून, ‘नोफॉलो’, म्हणजे ‘हे माझं मत धरू नका’ अशी खूण आहे, तीही चालते. फुकट राहायला देऊन कुणाकडून लेख लिहून घेतलात, तर त्यांनाही हेच सांगा.

दिलेल्या लिंका दर सहा महिन्यांनी स्वतः उघडून पाहा, हे कळकळीने सांगते. माझ्या एका ग्राहकाच्या साइटवर नदीतल्या फेरीबोटींच्या वेळा देणाऱ्या पानाची लिंक होती. त्या पानाच्या मालकाने डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नूतनीकरण केलं नाही, दुसऱ्याने ते उचललं आणि तिथे जुगाराची साइट उभी राहिली. एका पाहुण्याच्या मुलाने ती उघडली तेव्हा आम्हाला कळलं. तुम्हाला कोण लिंक देतंय ते गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनातल्या ‘लिंक्स’ अहवालात दिसेल. त्यात अनोळखी नावं दिसली तर घाबरू नका, ती प्रत्येक साइटला चिकटतात.

राहिले दीर. प्रत्येक पानाच्या तळाशी फरशीचं दुकान नको, त्यातून त्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही आणि तुमच्या पाहुण्याच्या ते कामाचंही नाही. खोल्यांची फरशी त्यांच्याच दुकानातली असेल, तर खोल्यांच्या पानावर फोटोखाली एक ओळ लिहा : कुठली फरशी, का निवडली, कुणी बसवली. त्या ओळीत त्यांच्या दुकानाची एकच लिंक. फरशी दुसरीकडची असेल तर लिंक देऊ नका, आणि हे त्यांना फोनवर नको, म्हापशाला जाऊन समोर बसून सांगा.