एफवायच्या मुलांना ग्रंथालयात संदर्भ शोधायला आणि माहिती तपासायला कसं शिकवावं?

तुम्ही मुंबईतल्या कॉलेजात नुकत्याच ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, वर्षाच्या सुरुवातीला ओरिएंटेशनही घेतलंत, तरी प्रोजेक्टच्या वेळी मुलं गुगलचं पहिलं पान नाहीतर चॅटजीपीटीचं उत्तर घेऊन येतात, असं लिहिलंय. मी याच शहरात बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ओरिएंटेशनचं फार मनावर घेऊ नका. कार्ड कुठे मिळतं आणि किती पुस्तकं घरी नेता येतात, एवढं त्या दिवशी कळलं तरी पुरे. शोधायची गरजच पडलेली नसते, तेव्हा कसं शोधायचं ते डोक्यात कुठून राहणार? खरा तास प्रोजेक्टचे विषय वाटल्यावर लगेच घ्या आणि विषयाच्या सरांना किंवा मॅडमना सोबत बसवा. संदर्भांनाही मार्क आहेत हे त्यांनी तिथेच सांगितलं, की वर्ग कान टवकारतो.

तासाला एकच विषय घ्या, पण तळापर्यंत न्या. मी बहुतेक वेळा १९८२ चा गिरणी संप घेते. वर्गात लालबाग-परळची मुलं असतात, कुणाचे आजोबा गिरणीत होते. मुलं मोबाइलवर इंग्रजीत 'मुंबई मिल स्ट्राइक' टाकतात आणि तेच ते चार लेख समोर येतात. मग मी विचारते, त्या वेळी इंग्रजी पेपरात या शहराचं नाव काय छापलं जायचं? नाव अधिकृतपणे बदललं १९९५ मध्ये. त्याआधीचे अहवाल आणि लेख बहुतेक 'बॉम्बे'खालीच सापडतात. 'बॉम्बे', 'टेक्स्टाइल', 'स्ट्राइक', 'दत्ता सामंत' (संपाचे नेते) असे शब्द फळ्यावर लिहायचे आणि त्यांच्या जोड्या लावून शोधायला सांगायचं. दोन-तीन मिनिटांत वर्गाचा आवाज बदलतो, कारण आता प्रत्येकाला वेगळं काहीतरी सापडलेलं असतं.

मग पुस्तकाचा कॉल नंबर, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, लिहून घेऊन रॅकपर्यंत पाठवा. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, कामगारविषयक पुस्तकं ३३१ ला, भारताचा इतिहास ९५४ ला, आणि गिरणगावावरच्या मराठी कविता-कादंबऱ्या ८९१.४६ मध्ये. एकच विषय तीन रॅकवर विखुरलेला आहे, हे तिथे चालत गेल्यावरच नीट उमगतं. ओपॅकच्या (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीच्या) स्क्रीनवर ते कितीही दाखवा, ठसत नाही.

आता त्यांना एक साधा प्रश्न द्या: संप संपला कधी? सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, यावर सगळ्यांचं एकमत. पण तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, तर काही जण सरळ 'दीड वर्ष चालला' लिहून मोकळे होतात. मालकांच्या बाजूचा मजकूर, युनियनचं पत्रक आणि पुढे झालेला अभ्यास शेजारी शेजारी ठेवा. कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं, हे मुलं आपणहून विचारू लागतात. माझ्या मते सगळ्या तासातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. वेळ कमी पडला तर बाकीचं कापा, हे कापू नका.

वेबसाइट पारखायची असेल, तर त्याच पानावर रेंगाळू देऊ नका. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांची तुलना केली होती. फॅक्ट-चेकर सरस ठरले, कारण ते अनोळखी साइट लगेच सोडून दुसऱ्या टॅबमध्ये तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघत. मुलांना हे दहा मिनिटांत जमतं.

चॅटजीपीटीवर बंदी घालून काही होत नाही. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ गुगल स्कॉलर, शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) किंवा आपल्या ओपॅकमध्ये शोधून दाखवायला सांगा. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि लेख मात्र कुठेच नाही, असं एकदा स्वतःच्या हाताने अनुभवलं, की मूल पुढच्या वेळी आपोआप तपासतं.

कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं, सभासद असेल, तर त्याच तासात प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर लॉगिन करायला लावा; नंतर कोणी करत नाही. शोधगंगेवरचे प्रबंध सगळ्यांना मोफत आहेत. पूर्ण प्रबंध वाचायची सक्ती नको, शेवटची संदर्भसूची उघडायला शिकवा. टीवायला ब्लॅक बुक (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट) करताना तीच उपयोगी पडते.

एखाद्या मुलाला विषयाची खरोखर गोडी लागली, तर त्याला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत पाठवा. जाण्याआधी तिथे फोन करून नियम विचारून घ्या आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र सोबत द्या.