कोडिंग शिकवायचंय, पण मलाच येत नाही!

प्रश्न : नमस्कार. मी इंदूरला एका हिंदी मीडियम शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते, वय पन्नाशीकडे. आता शाळेने सांगितलंय की कोडिंग आणि ते कम्प्युटेशनल थिंकिंग पण तुम्हीच घ्या, गणितवाल्या मॅडम ना तुम्ही! मला एक्सेल आणि व्हॉट्सॲपच्या पुढे काही येत नाही हो. लॅबमधे नेट कधी असतं कधी नसतं, आणि वर्गातली दोन-तीन पोरं माझ्याहून हुशार. घरचे म्हणतात आधी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोर्स लाव, फी बरीच आहे. लावू का? — एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : नका लावू मॅडम, निदान आत्ता तरी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगच्या ॲक्टिव्हिटी घ्या एवढंच आहे, पोरांना इंजिनिअर करून सोडा असं नाही. आणि कम्प्युटेशनल थिंकिंग या जड नावाला घाबरू नका, मोठा प्रश्न तोडायचा, नको ती माहिती बाजूला काढायची, पायऱ्या क्रमाने लिहायच्या, हे तुम्ही शाब्दिक उदाहरणांत रोजच करून घेता की.

सुरुवात कॉम्प्युटरशिवाय करा. राजवाड्यासमोर उभा आहेस, खजुरी बाजारात पुस्तकं घ्यायला जायचंय, पायऱ्या लिही. पोरं लिहितील "सरळ जा". अरे पण तोंड कुणीकडे करून? इथेच अर्धं शिकवून झालं.

मग स्क्रॅच, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात बनलेलं, फुकट आहे, एकदा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. रेघ काढणारे पेनचे ब्लॉक आधी दिसत नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून घ्यावे लागतात (यात पहिल्या दिवशी सगळेच अडकतात). स्क्रीनवरच्या मांजरीला 100 पावलं चाल, 90 अंश वळ, असं 4 वेळा सांगितलं की चौरस तयार. आता म्हणा समभुज त्रिकोण काढा. पोरं बिनधास्त 60 टाकणार, 3 वेळा, आणि तीन रेघा होऊनही आकृती उघडीच राहणार, मग ओरडतील कॉम्प्युटर खराब आहे. काही सांगू नका, एकाला उठवून फरशीवर तसंच चालायला लावा. मांजर आतला कोन वळतच नाही, बाह्यकोन वळते, 180 वजा 60, म्हणजे 120. पंचकोनाला 72, आणि 360 भागिले बाजू हे मग पोरं स्वतःच काढतात. हा धडा कोडिंगवाला सर घेईल त्यापेक्षा तुम्ही चांगला घ्याल, माझी खात्री आहे. 1967 च्या लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, हुकूम दिले की चालणारं कासव याच कल्पनेवर चालायचं, आणि ती करणाऱ्यांतले सेमूर पॅपर्ट मूळचे गणितवालेच.

हुशार पोरांना मदतनीस करा, अट एकच, दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही, तोंडाने समजावायचं.

पायथनचं म्हणाल तर त्यात टर्टल नावाचं मॉड्यूल आधीपासूनच असतं, हाच चौरस तिथे फॉरवर्ड आणि राइट लिहून निघतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी करून बघा, फी शून्य.