कॉर्सेटला कंचुकी म्हणावं का?

मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात घडणारी एक कादंबरी मराठीत आणणाऱ्या भाषांतरकार बाईंचा प्रश्न आहे. मूळ मजकुरात कुठे ‘स्टेज’, कुठे ‘बॉडिस’ आणि पुढे ‘कॉर्सेट’ असे शब्द येतात, म्हणजे नाडीने आवळून बाईच्या अंगाला आकार देणारा ताठ आतला कपडा. तिन्हींना सरसकट ‘कंचुकी’ म्हणावं का, की ‘काचोळी’ बरी? आणि त्यात घातलेल्या ‘व्हेलबोन’चं ‘देवमाशाचं हाड’ करावं का?

कंचुकीचं आधी निकालात काढू. शब्द देखणा आहे, पंडिती कवितेत आणि लावणीत शोभतो. पण संस्कृत नाटकं वाचलेल्या माणसाला कंचुकी म्हटलं की अंतःपुरात काठी टेकत फिरणारा म्हातारा अधिकारी आठवतो. कंचुक नावाचा अंगरखा घालतो म्हणून तो कंचुकी. ‘सरदारपत्नीने दासीला कंचुकी घट्ट आवळायला सांगितली’ या वाक्यात एक वेलांटी हुकली, तर तो बिचारा म्हातारा आवळला जाईल. गंमत अशी की मूळ ‘कंचुक’ शब्दाचे जुने अर्थ कॉर्सेटच्या जास्त जवळ जातात: चिलखत, सापाची कात, अंगाबरोबर बसणारं आवरण. पण मराठीत हा शब्द स्त्रीच्या अंगावर आला तोवर त्यातलं चिलखत गळून पडलं होतं आणि मऊ चोळी उरली होती.

काचोळीचंही तेच. ती काचते म्हणून काचोळी, अशी एक व्युत्पत्ती ऐकायला मिळते. ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. संस्कृत ‘कंचुलिका’पासून ती आली आहे, म्हणजे कंचुकीच्याच घरातली. काचणं हे क्रियापद वेगळं. परकराची नाडी काचते, सासूचा काच असतो, त्याच्याशी हिचा संबंध नाही.

खरी अडचण कपड्याच्या जातीची आहे. आपली खणाची चोळी अंगाप्रमाणे बेतलेली असते. पाठ, बाह्या, मुंढा, कटोरी असे तुकडे जोडून ती अंगावर बसवायची आणि पुढे छातीखाली गाठ मारायची. अंग जसं असेल तशी चोळी. कॉर्सेटमध्ये गणित उलटं: आधी त्या काळच्या फॅशनचा आकार ठरतो, मग त्या आकाराचा एक ताठ साचा शिवतात आणि अंग त्यात बसवतात. अठराव्या शतकात हा साचा वर रुंद, खाली निमुळता, म्हणजे उलट्या शंकूसारखा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो वाळूच्या घड्याळासारखा झाला. १९००च्या सुमाराला छाती पुढे आणि नितंब मागे ढकलणारा निघाला. बायका त्याच होत्या, साचे बदलले. म्हणून चोळी-काचोळीच्या कुळातला कोणताही शब्द वापरला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चुकीचा कपडा उभा राहतो. हे माझं मुख्य म्हणणं.

आता ते तीन इंग्रजी शब्द. हे मुळात तीन वेगवेगळे कपडे नव्हेत. एकाच कपड्याची, काळ बदलला तशी बदलत गेलेली नावं आहेत, आणि मला सगळ्यांत रस आहे तो इथे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रज या कपड्याला चक्क ‘बॉडीज’ म्हणत, म्हणजे ‘बॉडी’चं अनेकवचन. तो दोन भागांत शिवून नाडीने जोडलेला असे, म्हणून ‘बॉडीजची जोडी’ असा प्रयोग होता. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेसाठी केलेल्या पुतळ्याच्या अंगावरचे १६०३ सालचे असे बॉडीज आजही जपलेले आहेत. पुढे उच्चारात आणि लिहिण्यात ‘बॉडीज’चा ‘बॉडिस’ झाला आणि तो अनेकवचनी आहे हे बोलणारे विसरले. ‘कॉर्सेट’ही त्याच वळणाचा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कॉर’ म्हणजे शरीर (लॅटिन ‘कॉर्पस’), त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून कॉर्सेट, म्हणजे ‘छोटं शरीर’.

आता आपल्या आज्या-मावश्या ब्रेसिअरला काय म्हणत आल्या? ‘बॉडी’. शहरी पोरींना ते अडाणी वाटतं. माझ्या मते ही बॉडी म्हणजे ‘बॉडिस’चंच आपल्याकडचं तोंडी रूप. शेवटचा ‘स’ मराठी तोंडात गळला आणि शब्द नकळत सोळाव्या शतकातल्या मूळ एकवचनाला जाऊन पोचला. तेव्हा आजी ‘वाळत घातलेली बॉडी आण’ म्हणाली तर हसू नये, इतिहास तिच्या बाजूचा आहे.

‘स्टेज’ मात्र भाषांतरकाराला खड्ड्यात घालणारा शब्द आहे. ‘स्टे’ म्हणजे टेकू, आधार. राहणं-थांबणं या अर्थाशी इथे कर्तव्य नाही. सतराव्या शतकापासून पुढे इंग्रजीत हा शब्द रुळला आणि अठरावं शतक त्याने व्यापलं. तो देवनागरीत लिहिला तर मराठी वाचक नाटकाच्या स्टेजवर जाऊन बसेल. ‘तिने घाईघाईने स्टेज चढवले’ हे वाक्य कुठल्याही मुद्रितशोधकाच्या हातून सुटणार नाही. ‘स्टेजची जोडी’ असं मुळात असेल तर दोन नग समजू नका. ती विजारीसारखी एकच वस्तू, फक्त दोन भागांची. माझा सल्ला: तिथेही ‘कॉर्सेट’च लिहा. कालविपर्यासाचा दोष थोडा लागतो. फ्रान्समध्ये तर त्या काळी ताठ कपड्याला ‘कॉर’ म्हणत आणि ‘कॉर्सेट’ हे नाव त्यातल्या मऊ, कमी ताठ प्रकाराला होतं. इंग्रजीत तो ताठ कपड्यासाठी पक्का झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर. पण मराठी वाचकाला या बारकाव्यापेक्षा डोळ्यांपुढे बरोबर वस्तू येणं महत्त्वाचं.

वस्तू कशी असते हे जवळून माहीत असलं की वर्णनाची वाक्यंही चुकत नाहीत. अठराव्या शतकातला एक कॉर्सेट उलगडून पाहिला तर तागाच्या, म्हणजे लिननच्या कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवलेले दिसतात. त्यांवर बोटाच्या पेराहूनही अरुंद अंतराने उभ्या-तिरप्या टिपांच्या रांगा, सगळ्या हाताने घातलेल्या. दोन टिपांमध्ये जी नळी तयार होते तिच्यात एकेक काडी सरकवलेली. कमरेखाली कापड कापून झालरीसारख्या जिभा सोडलेल्या, त्या नितंबांवर पसरतात आणि त्यामुळे कमरेची कड रुतत नाही. पुढे मधोमध एका खोबणीत लाकडाची, हस्तिदंताची किंवा हाडाची एक सपाट पट्टी, तिला ‘बस्क’ म्हणत. ही काढता येई. प्रियकर तिच्यावर नक्षी कोरून, बदाम काढून भेट देत. देवमाशांच्या शिकारीला गेलेले खलाशी जहाजावरच्या रिकाम्या वेळात अशा पट्ट्या कोरत बसत. तुमच्या कादंबरीत कुणी कुणाला बस्क दिला असेल, तर त्याला साधी ‘पट्टी’ म्हणून मोकळं होऊ नका, ती जवळजवळ अंगठीइतकी बोलकी भेट आहे.

पाठीमागे नाडी. ती आपण बुटाला ओवतो तशी फुलीफुलीने नसून एकच लांब नाडी नागमोडी वर चढत जाई. नाडीची भोकं दोऱ्याने काजासारखी गुंफलेली असत. फार ओढलं तर भोक फाटणार, म्हणून आवळण्याला आपोआप मर्यादा येई. १८२०च्या दशकात धातूच्या कड्या बसवलेली भोकं आली आणि ही मर्यादा सैल झाली. १८२९मध्ये फ्रान्समध्ये दोन भागांत उघडणाऱ्या बस्कचं पेटंट निघालं. पुढून हूक लावता-काढता येऊ लागल्यावर बाईला कॉर्सेट चढवायला दरवेळी दुसऱ्याचे हात लागेनासे झाले. त्यामुळे १७७०मधली नायिका रागाच्या भरात एका झटक्यात समोरचे हूक काढून कॉर्सेट फेकून देते, असं कुठे दिसलं तर तिथे लेखकाचीच चूक आहे. तुम्ही दुरुस्त करू नका, तळटीप द्या.

आणि अंगाला थेट कॉर्सेट लागत नसे. पडद्यावर दिसतो तो उघड्या पाठीवरचा वळ ही चित्रपटवाल्यांची करामत. आत तागाची सैल शिफ्ट असे, फ्रेंचमध्ये ‘शमीज’. घाम तीच पिई आणि धुतली जाई तीही तीच. हा शब्द आपल्याकडे शाळकरी मुलींच्या फ्रॉकाखाली आलेला आहेच, तोच वापरा. उत्तरेतली ‘कमीज’ही हिचीच दूरची बहीण, लॅटिन ‘कमिसिया’ अरबीतून फिरून आलेली.

व्हेलबोनकडे वळू. हे हाड नाहीच. दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात. समुद्राचं पाणी गाळून बारीक जीव अडवणं हे त्यांचं काम. त्या आपल्या नखांच्या आणि केसांच्या द्रव्याच्या, म्हणजे केराटिनच्या. उभ्या चिरता येतात, ऊब लागली की वाकतात, आणि मोडण्याऐवजी लवतात. हाड असतं तर पहिल्याच खाली वाकण्यात कटकन मोडलं असतं. इंग्रजांनी त्याला हाड म्हटलं, जर्मनांनी तर ‘माशाचं हाड’ म्हटलं, म्हणजे एका शब्दात दोन चुका. आपण तिसरी कशाला करा? पहिल्या उल्लेखात ‘देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या काड्या’ असं लिहा आणि पुढे नुसतं ‘काड्या’. छत्रीच्या काड्या आपण म्हणतोच, आणि जुन्या युरोपीय छत्र्यांच्या काड्याही याच मालाच्या असत. फ्रेंचमध्ये छत्रीच्या काडीला अजून देवमाशाच्याच नावाने ओळखतात.

एक इशारा मापांबद्दल. जुन्या कादंबऱ्यांतून सोळा इंची कंबर सर्रास भेटते. इंग्लंडातल्या लेस्टरशायरमध्ये सिमिंग्टन या कॉर्सेट करणाऱ्या कंपनीचा जुना संग्रह आहे. त्यातल्या कॉर्सेटांची कंबर बहुतेक २० ते २६ इंच भरते, आणि हे माप पूर्ण मिटवल्यावरचं. घालताना पाठीमागे फट ठेवत, म्हणजे खरी कंबर त्याहून मोठी. पण कादंबरीत सोळा लिहिलं असेल तर सोळाच ठेवा. बढाई हा त्या काळाचाच भाग होता. कॉर्सेटविरुद्धची ओरडही तितकीच जुनी. १८८१ साली लंडनमध्ये सुटसुटीत पोशाखाचा आग्रह धरणारी रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली. बाईच्या अंगावर आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांहून जास्त नसावं, असं तिचं म्हणणं होतं. सात पौंड म्हणजे तीन किलोंच्या वर. ही सवलत! त्यावरून आधी काय असेल ते समजा.

ब्रेसिअरबद्दल प्रश्न नव्हता, पण कादंबरीचा शेवट १९१४च्या आसपास येतो असं कळलं, म्हणून थोडं. एर्मिनी कादोल या फ्रेंच बाईने १८८९ साली कॉर्सेटचे वरचा-खालचा असे दोन भाग केले. १९१४च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकबला तिच्या ‘बॅकलेस ब्रेसिअर’चं पेटंट मिळालं आणि पुढे ते तिने वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेटवाल्यांना विकलं. या दोघींपैकी एकीला ‘ब्राची जननी’ म्हणायची पद्धत आहे. पण ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली पंधराव्या शतकातली, दोन वाट्या स्पष्ट शिवलेली तागाची वस्त्रं सापडली आणि जननीपद संपलं. ‘ब्रेसिअर’ हा शब्द फ्रेंच असूनही फ्रेंच लोक तो या अर्थी सहसा वापरत नाहीत. त्यांच्याकडे तो प्रामुख्याने तान्ह्या बाळाचं झबलं. बायकांच्या कपड्याला ते ‘सुतियाँ-गोर्झ’, म्हणजे ‘गळ्याचा आधार’ म्हणतात. छाती म्हणायची लाज म्हणून गळा. आपल्याकडे ‘आतले कपडे’ म्हणतात, तशातलाच प्रकार.

‘फाउंडेशन गारमेंट’ हा विसाव्या शतकातला दुकानदारी शब्द कुठे आला, तर ‘पायाभूत वस्त्र’ मुळीच करू नका, वाचक ते पायात शोधेल. ‘आकार देणारी अंतर्वस्त्रं’ पुरे.

राहिलं लिंग. ‘तो कॉर्सेट’ आणि ‘ते कॉर्सेट’ दोन्ही ऐकू येतात. मी वर पुल्लिंगी वापरलं, ब्लाऊजच्या चालीवर. तुम्हाला जाकिटाप्रमाणे नपुंसकलिंगी बरं वाटलं तरी हरकत नाही, फक्त पुस्तकभर एकच ठेवा. एकवचनात ‘कॉर्सेटचा’, अनेकवचनात ‘कॉर्सेटांचा’. शेवटचा ‘ट’ इंग्रजीप्रमाणे उच्चारायचा. पात्र फ्रेंच असेल आणि ते स्वतःच्या तोंडाने बोलत असेल, तरच ‘कॉर्से’.