‘क्रियाविशेषणं काढून टाका’ हा सल्ला मराठीत सरसकट पाळू नका

तुम्ही विचारलंय की कथालेखनाच्या कार्यशाळेत ‘विशेषणं, क्रियाविशेषणं काढून टाका’ असं सांगतात, ते मराठीत पाळावं का, आणि ‘हिरवंगार’सारखे शब्द अजून चालतात का.

माझ्या मते सरसकट पाळू नये. हा सल्ला इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतून आपल्याकडे आला. तिथे तो ज्या शब्दांवर रोखलाय त्यांचे मराठीतले भाऊबंद म्हणजे शांतपणे, उत्साहाने, रागाने. ते खुशाल काढा. ‘“चालता हो,” तो रागाने म्हणाला’ यातला राग आधीच कळलेला असतो. पण त्याच कात्रीने खसकन, अलगद, फाडकन, गच्च कापायला निघालेल्यांशी माझं भांडण आहे, आणि ते जुनं आहे.

एका दिवाळी अंकासाठी मी जमिनीच्या वाटणीवर कथा पाठवली होती. धाकटा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो आणि ओसरीवर बसलेल्या थोरल्या बहिणीपुढे सहीसाठी धरतो. माझं वाक्य होतं, ‘आक्कानं त्याच्या हातातला कागद खसकन ओढला, घडी घातली आणि पदराला गच्च गाठ मारली.’ संपादकांनी ते असं करून पाठवलं, ‘आक्काने त्याच्या हातातला कागद हिसकावला आणि पदराला बांधला.’ समासात तांबड्या शाईत शेरा होता, ‘क्रियाविशेषण म्हणजे दुबळ्या क्रियापदाचा टेकू. जोरकस क्रियापद शोधा.’

फोनवर मी त्यांना परोपरीनं सांगितलं. हिसकावायला समोरच्याची मूठ आवळलेली लागते. इथे भावानं कागद स्वतःहून पुढे केलाय. बहीण सही करणारच या खात्रीनं तो सैल हातात धरलाय. त्या सैल हातातून कागद खसकन जातो, हीच कथेची कलाटणी. ‘हिसकावला’ म्हटलं की भाऊ कागद सोडत नव्हता, असा भलताच प्रसंग उभा राहतो. आणि ‘गच्च’ काढल्यावर उरते ती बाजाराला जाताना सुट्ट्या पैशांना मारायची गाठ. त्यांना पटलं नाही. (‘आक्कानं’चं ‘आक्काने’ का केलं, तेही विचारलं. त्याला उत्तरच मिळालं नाही.)

याहून संतापाची गोष्ट पुढेच होती. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी आपल्या मनानं एक विशेषण घातलं होतं, ‘आक्का केविलवाणी उभी होती.’ माझी आक्का केविलवाणी नव्हती! दिसणारे, हाताला जाणवणारे शब्द काढायचे आणि वाचकाला काय वाटावं ते सांगणारा शब्द घुसडायचा, याला मी संपादन म्हणत नाही. मी कथा परत मागवली. पुढे ती दुसऱ्या अंकात आहे तशी छापून आली.

आता तुमच्या उपयोगाचं. आपल्याकडे क्रियाविशेषणाचं बरंच काम जोडीचं क्रियापद करतं. ‘सही केली’, ‘सही करून टाकली’, ‘सही करून दिली’, ‘सही करून बसली’ ही चार वाक्यं म्हणजे चार वेगळ्या बहिणी. ‘टाकली’त कटकट मिटवणं आहे, ‘दिली’त भावासाठी करणं आहे, ‘बसली’त नंतरची चुटपुट आहे. तिथे ‘नाइलाजाने’ वगैरे लिहायची गरज नाही. मात्र आवाज, झटका, स्पर्श या जोडक्रियापदांत येत नाहीत. ते खसकन, अलगद, गच्च यांनाच आणावे लागतात.

विशेषण किती वापरावं यापेक्षा ते कुठे ठेवता ते बघा. ‘रिकाम्या गोठ्यात तो शिरला’ म्हटलं की वाचक पुढे निघून जातो. ‘तो गोठ्यात शिरला. गोठा रिकामा होता’ इथे थबकतो, जनावरं कधी विकली असा प्रश्न त्याला पडतो. शाळेत अधिविशेषण (नामाच्या आधी येणारं) आणि विधिविशेषण (नामाच्या नंतर येणारं) मार्कांपुरतं शिकवतात, पण कथेत हा फरक रोज लागतो.

‘हिरवंगार’ पात्राच्या तोंडी बिनधास्त वापरा, माणसं तसंच बोलतात. निवेदनात मात्र जोडीतला दुसरा शब्द काहीतरी काम करत असेल तरच ठेवा. सदरा पांढराशुभ्र असतो, घाबरलेला चेहरा पांढराफटक. अशी अदलाबदल करता येत नसेल तर तो शब्द जागेवर आहे.

हे सगळं कथेपुरतं, कवितेचा हिशेब वेगळा. शिवाय एका पानावर खसकन, धाडकन, फाडकन अशी रांग लागली तर एकाचाही आवाज येत नाही. आणि अत्यंत, अतिशय, विलक्षण, अवर्णनीय हे तर डोळे मिटून काढा. तेवढ्यापुरते ते संपादक बरोबर होते, पण माझ्या कथेत यातला एकही शब्द नव्हता.