तेरा लाखांनी स्वस्त फ्लॅट आणि घराचा नसलेला विमा

पुण्यातल्या अरण्येश्वर भागातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, नवरा-बायको दोघं नोकरीला. आंबिल ओढ्याला लागून असलेल्या सोसायटीत २०२० मध्ये त्यांनी तळमजल्याचा फ्लॅट घेतला. आता शेजारचा फ्लॅट विकायला आहे. वरच्या मजल्यांना ७५ लाख मिळतात, हा ६२ लाखांत मिळतोय. काही वर्षं भाड्याने द्यायचा, पुढे गावाकडून आई-वडिलांना आणून तिथे ठेवायचं, असा बेत आहे. ओढ्याला भिंत होतेय, म्हणजे भाव वाढणारच, असं एजंटचं म्हणणं. प्रश्न एका ओळीचा: घ्यावा का?

उत्तर त्याहून छोटं आहे. नको. पण माझी झोप उडवली ती पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीने: 'पुराची चिंता नाही, कारण बँकेने कर्ज देतानाच घराचा इन्शुरन्स केलाय, त्याचे १ लाख ६० हजार भरलेत. नव्या फ्लॅटलाही तसाच करून देणार आहेत.'

तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, फार बरं केलंत. त्यावर घराचा पत्ता कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही का? बांधकामाचं क्षेत्रफळ नाही, सामानाची रक्कम नाही. आहे ते तुमचं नाव, जन्मतारीख, वारस आणि दरवर्षी कमी होत जाणारी विमा रक्कम. हा आयुर्विमा आहे. तुम्ही गेलात तर बँकेचं उरलेलं कर्ज फिटेल. उद्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि तुम्ही धडधाकट राहिलात, तर या पॉलिसीतून एक रुपयाही मिळणार नाही. म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ तुमचं ओढ्याकाठचं घर विम्याशिवाय उभं आहे.

वर ते १ लाख ६० हजार तुम्ही रोख भरलेले नाहीत, ते कर्जातच मिळवले आहेत. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर त्यापोटी महिन्याला १,४०० रुपये जातात, म्हणजे एकूण सव्वातीन लाखांच्या वर. काउंटरवर 'याशिवाय फाइल पुढे सरकत नाही' असं सांगितलं असेल. बहुतेकांना तेच सांगतात. कर्जासाठी हा विमा सक्तीचा नसतो. आता रागाने तो मोडू मात्र नका. आधी सरेंडर केल्यावर किती परत मिळतात ते लेखी विचारा, आणि वेगळा टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीचा साधा आयुर्विमा) हातात आल्याशिवाय सहीच करू नका.

घराचा खरा विमा या आठवड्यात काढा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. पूर, पाणी शिरणं, वादळ, भूकंप, आग हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. विमा बांधकाम खर्चाचा असतो, जागेच्या बाजारभावाचा नव्हे. हजार चौरस फुटांना अडीच-तीन हजारांचा दर धरला, तर २५ ते ३० लाख. त्याच्या २० टक्के रकमेइतकं घरसामान, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. प्रीमियम वर्षाला काही हजारांत बसतो. अर्जात २०१९ च्या पुराच्या पाण्याबद्दल विचारलं तर खरं ते लिहा. लपवाल तर दाव्याच्या वेळी तेच तुमच्यावर उलटेल. संरक्षक भिंत, पंप, लिफ्ट या सोसायटीच्या वस्तू तुमच्या पॉलिसीत येत नाहीत, त्यामुळे तो विषय पुढच्या मीटिंगला काढा. गाडी पार्किंगमध्ये खाली उभी राहत असेल, तर गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम आहे का तेही बघा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं, तर गाडीच्या साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात त्याचे पैसे मिळत नाहीत.

आता फ्लॅटचा हिशेब. ६२ लाख, त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, म्हणजे ६७ लाखांच्या घरात. ४५ लाखांच्या कर्जाचा हप्ता ३९ हजार. भाडं तुम्हीच २० हजार धरलंय. मेंटेनन्स, मिळकतकर, वर्षातला एखादा रिकामा महिना धरला की दरमहा २३-२४ हजार खिशातून जाणार. निव्वळ उत्पन्न पावणेतीन टक्के. एफडी तरी झोपेत याहून जास्त देते.

आणि ते तेरा लाख? ती सूट नाही, ओढ्याची किंमत आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस तासा-दोन तासांत सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत आला. सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र छोटं आणि उताराचं आहे, त्यामुळे नदीसारखा सावध व्हायला वेळ मिळत नाही. त्यात डोंगरउतारावर सिमेंट झालंय, पात्र अरुंद झालंय, आणि पुलाच्या मोऱ्या गाळ-प्लास्टिकने भरल्या की पाणी बाजूच्या सोसायट्यांत वळतं. भिंत काठ ढासळू देत नाही हे खरं. पण मोरी तुंबली तर पाणी भिंतीवरून येतं, आणि आत आलेलं त्याच भिंतीमुळे लवकर बाहेर जात नाही. एजंटच्या भाववाढीच्या हिशेबात मोरी कुठेच नसते.

नदीकाठी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर असते. शंभर वर्षांच्या पुराचीसुद्धा १८ टक्के. तुमच्या इमारतीपाशी ओढ्याची काय नोंद आहे ते झोन दाखला आणि मनपाच्या मंजूर नकाशावर पाहून या. अर्थात तुमच्या हॉलमध्ये साडेतीन फुटांवर रंगाखालून पाण्याची रेघ डोकावते, असं तुम्हीच लिहिलंय. आधीच्या मालकाच्या किचन ट्रॉल्यांची प्लाय फुगून फेकावी लागली होती, हेही. ती रेघ कुठल्याही नकाशापेक्षा खात्रीची आहे.

दोन्ही फ्लॅट एकाच मजल्यावर, एकाच ओढ्याला. पाणी आलं तर एकाच रात्री दोन्हींत येणार. तुमचं घर, भाडं आणि हप्ता तिन्ही एकदम अडकणार. त्यात तुम्ही सत्तरीच्या आई-वडिलांना तिथेच आणणार, तेही वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतले १० लाख डाउन पेमेंटला घालून. ते पैसे त्यांच्याच नावे राहू द्या. सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये असतील तर दर तिमाहीला व्याज मिळतंय, ते त्यांना लागणार आहे. त्यांना पुण्यात आणायचंच असेल तर त्याच भागात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने घर बघा. २०-२२ हजारांत मिळेल, म्हणजे या फ्लॅटच्या खड्ड्याएवढ्याच पैशात.

तुमच्या १२ लाखांच्या एफडीतले सहा लाख आणीबाणीसाठी हलवूच नका. उरलेल्यातून तुमच्याच घराची स्विचबोर्डं चार फुटांच्या वर घ्या, इन्व्हर्टर भिंतीवर उंच बसवा, खरेदीखत आणि कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पन्नास हजार टोकन दिल्याचं लिहिलंय. साठेखत (विक्रीचा लेखी करार) झालेलं नाही, तर मालकाला आजच लेखी कळवून पैसे मागा. त्यांनी नाही दिले, तर ते सोडून द्या आणि एजंटचा फोन उचलू नका.