चार दिवसांआड पाणी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू गेलीस आणि तुझी कॉम्प्युटरची वही आमच्या टेबलावरच राहिली. शेजारी आईने पाठवलेला शेंगाचटणीचा डबाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्याचं काय ते तुझी काकू बघेल. वही मात्र मी वाचून पाठवतोय. न विचारता वाचली म्हणून रागावू नकोस, प्रोग्रामची वही म्हणजे काही डायरी नव्हे.

"काका, माझं डोकंच नाही या विषयात," असं तू चपला घालताना म्हणालीस. मी तेव्हा "हं" म्हणून सोडून दिलं. वही पाहिल्यावर वाटलं, सोडायला नको होतं. वहीत डोकं चालल्याच्या खुणा पानोपानी आहेत. चालली नाहीत ती तुझी बोटं.

तुझ्या सरांनी घातलेलं गणित मला फार आवडलं. 'पाणी चार दिवसांआड येतं. १ तारखेला आलं, तर ३१ दिवसांच्या महिन्यात कुठल्या कुठल्या तारखांना येईल ते छापा.' सोलापुरात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड, हे आपण वर्षानुवर्षं जगतोय. कुठल्या दिवशी बॅरल भरायचं आणि कुठल्या दिवशी गोधड्या धुवायला काढायच्या, हे तुझ्या आईला कॅलेंडर न बघता सांगता येईल.

आणि तू काय केलंस? फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारी ओळ) लिहिलास, रेंजमध्ये १, ३१, ४, म्हणजे सुरुवात, शेवट आणि पाऊल, असे तीन आकडे घातलेस. उत्तर आलं १, ५, ९, १३... ते काहीतरी चुकतंय असं तुला वाटलं (हे वाटणंच मोलाचं आहे). मग ४ चे ३ केलेस. आणखी बिघडलं. मग ५ केलेस. १, ६, ११, १६, २१, २६. शेजारी बरोबरची खूण. मग कुणीतरी म्हणालं, अगं ३१ ला पण येतं की. तेव्हा तू लूपच्या खाली एक वेगळी ओळ लिहिलीस: प्रिंट ३१. पुन्हा बरोबरची खूण, या वेळी दोनदा अधोरेखित.

दुसऱ्या दिवशी सरांनी महिना बदलायला सांगितला आणि तुझ्या प्रोग्रामने ३१ फेब्रुवारीला पाणी सोडलं. वर्ग हसला असेल. हसू दे. महापालिकेलाही जमलं नाही ते तू केलंस.

पण आता एक सांग. ४ चे ५ का करावे लागले? वहीत याचं उत्तर कुठेच नाही. ५ घातल्यावर जमलं म्हणून तू पुढे गेलीस. सगळी गडबड तिथेच आहे, आणि ती पायथनची, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेची नाही, मराठीची आहे.

डॉक्टर 'दिवसाआड' गोळी घ्यायला सांगतात तेव्हा आज घ्यायची, उद्या नाही, परवा घ्यायची. आड एक दिवस, पण पाऊल दोन दिवसांचं. 'चार दिवसांआड' म्हणजे मध्ये चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी पाणी. म्हणून ५. कॉम्प्युटरला 'आड' कळत नाही, त्याला पाऊल सांगावं लागतं. हे भाषांतर तुझं काम होतं, आणि त्यासाठी बोटं लागतात, डोकं नव्हे: १ ला आलं, दोन, तीन, चार, पाच कोरडे, सहाला आलं. एवढंच.

३१ का गळाला, तेही असंच. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्याच्या अलीकडे थांबतं. ही त्याची खोड नाही, सोय आहे. ० पासून ५ पर्यंत सांगितलं की ०, १, २, ३, ४ असे बरोबर पाच आकडे मिळतात, वजाबाकी केली की किती वेळा फिरणार ते कळतं. पण तुला ३१ तारीख हवी असेल तर ३२ लिहायला हवं. आणि त्याहून बरं, ३२ न लिहिता 'महिन्याचे दिवस अधिक एक' असं लिही. मग फेब्रुवारीचा तमाशा होत नाही.

या 'एका'ने माझीही एकदा अब्रू घालवली आहे, ती गोष्ट तुला सांगितली नव्हती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका टॉवेल कारखान्यासाठी फॉक्सप्रो या तेव्हाच्या कॉम्प्युटर-भाषेत पगाराचा प्रोग्राम लिहिला. मागावरच्या कामगारांचा पगार मालावर, त्याचं काही अडलं नाही. पण पॅकिंगच्या बायका हजेरीवर होत्या. आठवडा सोमवार १० ते शनिवार १५. मी काय केलं, १५ मधून १० वजा केले. पाच. पाच दिवसांचा पगार छापला, पाकिटं भरली गेली. एक मावशी पाकीट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवत ठेवत त्यांनी तेलुगूत वार मोजले आणि सहाव्या पेरावर थांबून माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो असेन? "मावशी, कॉम्प्युटर चुकत नसतो हो." आजही आठवलं की कान गरम होतात. त्यांनी पुन्हा मोजलं, या वेळी माझ्यासाठी मराठीत. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि.

पैसे दुसऱ्या दिवशी भरून दिले. पण खरी मजा पुढे आहे. त्या धास्तीने मी जिथे जिथे तारखांची वजाबाकी होती तिथे सगळीकडे एक मिळवून टाकला. महिन्याभरात सुताच्या व्यापाऱ्याचा फोन: उधारीचे दिवस एकाने जास्त का दिसतात? बरोबरच होतं त्यांचं. १० ला माल घेतला आणि १५ ला पैसे दिले तर मध्ये पाचच दिवस गेले. कामाचे दिवस मोजताना दोन्ही टोकं धरायची, उधारीचे मोजताना एकच. आकडे तेच, प्रश्न वेगळा. यासाठी पाठ करण्यासारखा नियम नाही. छोटा आकडा घ्यायचा आणि पेरांवर मोजायचं.

तेव्हा यापुढे तुझ्याकडून मला एवढंच हवंय. प्रोग्राम चालवण्याआधी त्याचं उत्तर तुझ्या हाताने वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. ३१ दिवसांचा महिना नको घेऊस, सहा दिवसांचा घे. उत्तर १ आणि ६. मग सात दिवसांचा, मग पाच दिवसांचा. त्यात १ एकटाच उरतो. टोकाला काय होतं ते अशा बुटक्या महिन्यांतच दिसतं.

त्यानंतर वहीत रकाने आखायचे, प्रत्येक व्हेरिएबलला (ज्याची किंमत बदलत जाते त्या नावाला) एक. बोट पहिल्या ओळीवर ठेवायचं आणि कॉम्प्युटरला आपल्या भाषेत विचारायचं, "काय करालाय बे?" तो ओळीत जेवढं लिहिलंय तेवढंच करतो, तुझ्या मनातलं नाही. म्हणून उत्तरही तेवढंच लिहायचं. मग पुढची ओळ, पुन्हा "आता काय करालाय बे?" पुण्याच्या कंपन्यांत याला ड्राय रन म्हणतात, पण 'बे' लावल्याशिवाय मला अजून जमत नाही. जिथे तुझा रकाना आणि पडद्यावरचं उत्तर यांना फाटा फुटतो, चूक त्या ओळीच्या आसपास असते. मग ४ चे ३, ३ चे ५ असं चाचपडावं लागत नाही.

चाचपडण्यावरून वडील आठवले. ते यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की बोलवायचा तो माणूस. चादरीवरच्या मोर-फुलांचं काम तेव्हा जकार्डच्या कार्डांवर चालायचं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं, एकीला एक ओवून केलेली माळ. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा जातो. माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड. आता तूच सांग, हा लूप नाही तर काय आहे? जकार्ड नावाच्या माणसाने हा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आणला, आणि पुढे बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणिती यंत्रासाठी हीच भोकांची कार्डं वापरायचं ठरवलं. तुझ्या विषयाचं घराणं आपल्या सोलापुरातल्या अशोक चौकातल्या कारखान्यांना असं लागून आहे.

तर वडील चादरीत दोष दिसला की आधी मागाला हात लावायचे नाहीत. चादर पसरायचे. दोष प्रत्येक मोराच्या त्याच पिसात असला तर म्हणायचे, "कार्ड बघा." कुठेही, कसाही असला तर, "सूत बघा." नवखा पोरगा मात्र आल्या आल्या पाना घेऊन मागच खोलायचा. तुझ्या प्रोग्रामचंही असंच आहे. कुठलाही आकडा दिला तरी तीच चूक येते का? मग दोष तुझ्या ओळींत आहे. एका आकड्याला बरोबर आणि दुसऱ्याला चूक? मग आधी आत जाणारा माल बघ, आणि मग त्या आकड्याला कुठली ओळ अडते ते. आधी चादर पसर.

आत जाणाऱ्या मालावरून, तुझ्या शेवटच्या पानावरचा टाइपएरर, म्हणजे चुकीच्या जातीचा माल दिल्याची कॉम्प्युटरची तक्रार. महिन्याचे दिवस तू इनपुटने विचारलेस आणि तसेच रेंजमध्ये टाकलेस. इनपुट जे आणतं ते नेहमी अक्षरं असतात. तू ३१ टाइप केलंस तरी त्याच्या लेखी ती ३ आणि १ अशी दोन चिन्हं. '५' आणि '३' ची बेरीज विचारलीस तर ५३ सांगेल. इंटमधून गाळून घे, मग आकडा होतो. गंमत म्हणून देवनागरी कीबोर्डवर ३१ टाइप करून बघ, तेही इंटला कळतं.

ती लाल अक्षरं आली की तू पान उलटतेस, हे माझ्या लक्षात आलंय. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीत कुणी ओरडल्यासारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण ते ओरडणं नसतं, पत्ता असतो. सगळ्यात खालची ओळ आधी वाच, तिथे काय बिनसलं ते लिहिलेलं असतं. त्याच्या वर ओळीचा नंबर. एररमध्ये फिरून फिरून तेच वीस-तीस शब्द येतात. वहीच्या मागच्या पानावर त्यांचे अर्थ लिहीत जा, दिवाळीपर्यंत पान भरणं थांबेल.

आणि चॅटजीपीटी. तू चोरून विचारतेस ते मला माहीत आहे, चोरून कशाला? मीही विचारतो. फक्त वहीत तुझं उत्तर, तुझे रकाने आणि 'मला वाटतं चूक इथे आहे' ही एक ओळ लिहून झाल्यावर विचार. त्याआधी विचारलंस तर उत्तर त्याचं आणि खूण तेवढी तुझी.

आता पुढच्या रविवारचं काम. फेब्रुवारी २८ चा की २९ चा हे प्रोग्रामलाच ठरवू दे. चारने भाग गेला की लीप, असं लिहून मोकळी होऊ नकोस. १९०० आणि २००० दोन्ही घालून बघ. १९०० लीप नव्हतं, २००० होतं. कारण शोधून ये.

आणि दुसरं जरा अवघड. समज, १६ तारखेला पाइपलाइन फुटली आणि पाणी १८ ला आलं. पुढचं पाणी २१ ला येईल की २३ ला? मी काल अर्धा तास विचार केला आणि मग लक्षात आलं की हे वहीत सापडायचं नाही. तुमच्या गल्लीत पाणी सोडायला चावीवाला येतो ना, त्याला विचारून ये. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आण. मग बसू.

तुझा,
काका